यूसीच्या गोळ्या सुरू झाल्यात? मग हे एकदा शांतपणे वाचा

आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला गेल्या महिन्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे यूसी, निघालं, वय २२, आणि तो घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत चार प्रकारच्या गोळ्या, एनिमाच्या बाटल्यांचा खोका आणि डिस्चार्ज कार्ड. म्हणाली, "बाय, ह्यातलं कुठलं कशाला ते तरी सांग, आणि हे सगळं कधी बंद होणार?" मला स्वतःला हा आजार २०१४ पासून आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. सोप्यावर बसून दोन तास बोललो आम्ही, आणि ती गेल्यावर वाटलं की हे लिहून ठेवायला हवं, कारण मला त्यावेळी असं समोर बसून कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे माझी पहिली दोन वर्षं फुकट गेली.

मी डॉक्टर नाही, मराठी शाळेत शिकवते. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवलाय तोच खरा, इथे जे आकडे येतील ते फक्त गोष्ट समजावी म्हणून.

पहिलं काम: आजार कुठपर्यंत आहे ते विचारून घ्या

यूसी म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. आपलीच रोगप्रतिकारशक्ती तिथे भांडायला उठते. सुरुवात गुदाशयापासून होते आणि तिथून वर चढत जाते, कोणाचं खालच्या थोड्याच भागात राहतं, कोणाचं डाव्या बाजूपर्यंत, कोणाचं सगळ्या मोठ्या आतड्यात. हे कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझं कुठपर्यंत आहे?" कारण त्यावरच ठरतं की तुम्हाला गोळी पुरेशी आहे की खालून घ्यायचं औषधही लागणार, आणि हे कळलं की एनिमा का दिलाय हा राग निघून जातो.

आपल्याकडे बहुतेकांचे पहिले काही महिने मूळव्याध नाहीतर आंव समजून जातात. रक्त पडतंय ना, मग मूळव्याधीचं मलम, मग मेट्रोनिडाझोलचा कोर्स, मग परत तेच. ह्यात एक गोष्ट मात्र खरंच महत्त्वाची आहे, स्टेरॉइड सुरू करण्याआधी शौचाची तपासणी करून अमीबा किंवा दुसरं इन्फेक्शन नाही ना हे बघितलेलं असायला हवं, कारण अमीबाची आंव असताना स्टेरॉइड पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची स्टेरॉइडची गोळी आपण घ्यायची नाही ती ह्याचसाठी.

दुसरं काम: पिशवीतली औषधं दोन ढिगांत लावा

त्या आईबरोबर मी हेच केलं. सगळ्या स्ट्रिप्स जमिनीवर मांडल्या आणि दोन ढीग केले. एक ढीग फ्लेअर उतरवायच्या औषधांचा, म्हणजे आजार उसळलाय तो खाली आणायला. दुसरा राखणीच्या औषधांचा.

राखण हा शब्द मी मुद्दाम वापरते. गावाचा राखणदार आपल्याला दिसत नाही, पण तो आहे म्हणून आपण निवांत झोपतो असं आपण मानतो ना, तसंच ह्या दुसऱ्या ढिगाचं आहे. मेसालामाइनची गोळी घेतल्यावर काहीही जाणवत नाही. घेतली काय न घेतली काय, आज सारखंच वाटतं, उद्याही सारखंच वाटतं. आणि स्टेरॉइड घेतलं की तीनचार दिवसांत रक्त कमी, भूक लागते, अंगात ताकद येते. मग साहजिकच माणूस काय करतो, जे जादू करतं ते जवळ ठेवतो आणि जे काही करत नाही असं वाटतं ते सोडतो. मी अगदी हेच केलं. तीन महिने बरं वाटलं, मेसालामाइन बंद, मग चवथीच्या आधी फ्लेअर, मग घरात पडलेलं उरलेलं स्टेरॉइड आपल्या आपण आठ दिवस, बरं वाटलं, परत बंद. असं तीनदा. प्रत्येक वेळी फ्लेअर आधीपेक्षा मोठा.

तर प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने लिहा, "फ्लेअर" किंवा "राखण". घरातल्या सगळ्यांना दाखवा. फ्लेअरचं औषध ठरलेल्या दिवशी संपतं, राखणीचं चालू राहतं, बहुतेकांना वर्षानुवर्षं. कधी बंद होणार ह्याचं उत्तर दोन ढिगांसाठी दोन वेगळी उत्तरं आहेत, हे त्या आईला समजलं तेव्हा तिचा अर्धा घोर उतरला.

स्टेरॉइड: ह्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या

नाव बहुतेक प्रेडनिसोलोन, स्ट्रिपवर वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल लिहिलेलं दिसेल. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं. रात्री घेतलं तर झोप उडते, रिकाम्या पोटी घेतलं तर जळजळ. एकादशी आहे, सोमवार आहे म्हणून चुकवायचं नाही, उपास असेल तर फराळाचं खाऊन घ्या पण घ्या.

स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, कधीच नाही. तीनेक आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतलं की आपल्या शरीरातलं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतं, आणि मग अचानक बंद केलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, माणूस कोसळू शकतो. म्हणून ते पायरीपायरीने उतरवतात. साधारण पद्धत अशी की ४० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी, म्हणजे पूर्ण उतरायला आठ आठवडे लागतात. तुमचा उतार वेगळा असू शकतो. पण तो कागदावर तारखांसकट लिहून घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

आणि लिहिताना गोळ्यांची संख्या लिहू नका, मिलिग्रॅम लिहा. हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते. माझा उतार १० मिलिग्रॅमवर आला होता, ५ च्या दोन गोळ्या, आणि मी कॅलेंडरवर नुसतं "२" लिहिलेलं. स्ट्रिप संपली, भाऊ येताना दुसऱ्या एका फार्मसीतून घेऊन आला, त्यांच्याकडे ५ च्या नव्हत्या तर त्यांनी २० च्या दिल्या, नाव तेच, रंगरूप जवळपास तेच, कोणी काही बोललं नाही आणि मी पण बघितलं नाही. चार दिवस मी रोज "२" घेतल्या, म्हणजे १० ऐवजी ४०. रात्री दोनला उठून मी पहिलीच्या वह्या तपासत बसायचे, छातीत धडधड, आई घाबरली. पाचव्या दिवशी स्ट्रिप उजेडात धरली तेव्हा कोपऱ्यातला २० दिसला. लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी परत नीट उतरवून दिलं, काही वाईट झालं नाही. पण तेव्हापासून कॅलेंडरवर "१० मिग्रॅ" असंच लिहिते आणि काउंटरवरच स्ट्रिप उलटी करून तीन गोष्टी वाचते, नाव, मिलिग्रॅम, एक्स्पायरी. मागे रांग असली तरी वाचते.

स्टेरॉइड चालू असताना तोंड सुजतं, भूक खूप लागते, चिडचिड होते, साखर आणि बीपी वाढू शकतं, हाडं ठिसूळ होतात म्हणून बरोबर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात. डायबेटिस असेल तर साखर घरी तपासत राहा. मुलं ह्या काळात विनाकारण रडली-चिडली तर ओरडू नका, ते औषध बोलतंय. आणि नीट लक्षात ठेवा, स्टेरॉइड राखण करत नाही. ते कमी करताच आजार परत उसळत असेल किंवा वर्षात दुसऱ्यांदा लागत असेल तर त्याचा अर्थ राखणीचं औषध बदलायची वेळ आलीय, डॉक्टरांशी ते बोला, स्टेरॉइडचं प्रिस्क्रिप्शन परत परत झेरॉक्स करून चालवू नका.

मेसालामाइन: गोळी फोडायची नाही

स्ट्रिपवर नाव मेसाकॉल वगैरे असतं. ह्या गोळीवर खास कोटिंग असतं, ते पोटात विरघळत नाही, खाली आतड्यात गेल्यावर विरघळतं आणि औषध जिथे जखम आहे तिथे सुटतं. म्हणून चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी करायची नाही, गिळायला मोठी वाटते म्हणून पेजेत कुस्करून तर अजिबात नाही. गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ग्रॅन्यूल्सची पुडी मिळते. शौचातून कधी गोळीचं रिकामं टरफल दिसतं, त्याने घाबरू नका, पण अख्खी गोळीच पडतेय असं वारंवार दिसलं तर सांगा.

बऱ्याच जणांना दिवसाचा सगळा डोस एकदम घेतला तरी चालतो, तीन वेळा विभागून घ्यायचं विसरायला होत असेल तर हे विचारून घ्या, मी सकाळी चहाबरोबर एकदाच घेते आणि तेव्हापासून चुकणं जवळजवळ बंद झालं. चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या डोसची वेळ आलीच असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन दोन एकदम नकोत.

दुकानात "हीच कंपनी नाही, दुसरी देऊ?" म्हणतील. मेसालामाइनमध्ये कंपनीगणिक गोळी कुठे आणि कशी सुटते त्यात फरक असतो, तर डॉक्टरांना विचारून मगच बदला. खर्चाचा प्रश्न असेल तर तेही डॉक्टरांना उघड सांगा, जनऔषधी केंद्रात काय मिळतं ते बघून तसं लिहून देता येतं का विचारा. पैसे वाचवायला एक दिवस आड गोळी घेणारी माणसं मी बघितलीत, त्यापेक्षा स्वस्त ब्रँड रोज घेतलेला केव्हाही बरा.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, किडनी. क्वचित कोणाच्या किडनीला हे औषध त्रास देतं आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, मग काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तरी. साधी रक्ततपासणी आहे. दुसरं, थोड्या लोकांना हे औषधच सोसत नाही, सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात जास्त कळा, जास्त रक्त. माणसाला वाटतं आजार वाढला, डोस वाढवावा, आणि खरं तर औषध थांबवायला हवं असतं. नवीन औषधाने आधीपेक्षा वाईट वाटायला लागलं तर वाट बघू नका, फोन करा.

जुनं औषध सल्फासालाझिन ज्यांना असेल, सांधे दुखत असतील तर हे देतात, त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: लघवी केशरी होते ती रक्ताची नाही, बरोबर फॉलिक अॅसिड घ्यावं लागतं, सल्फाची अॅलर्जी असेल तर घ्यायचं नाही, अंगावर पुरळ आलं तर लगेच सांगायचं. पुरुषांमध्ये शुक्रजंतू कमी होतात, औषध बंद केल्यावर पुन्हा वाढतात, मूल हवं असेल तर आधीच बोलून घ्या.

एनिमा आणि सपोझिटरी, लाजू नका

ह्यावर कोणी बोलत नाही आणि मग खोके तसेच कपाटात राहतात. गुदाशय आणि डावी बाजू सुजलेली असेल तर गोळी अधिक एनिमा हे एकट्या गोळीपेक्षा जास्त काम करतं, हे नीट सिद्ध झालेलं आहे. म्हणून पद्धत सविस्तर सांगते.

रात्री झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर. बाटली फार गार असेल तर हातात धरून थोडी कोमट होऊ द्या, मग चांगली हलवा, कारण औषध तळाला बसतं. गादीवर जुनी चादर नाहीतर जुनं लुगडं घाला, डाग पडतो आणि निघत नाही. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाकडे. टोकाला थोडं जेल लावा, तोंडाने श्वास सोडत हळू आत घाला, टोकाची दिशा बेंबीकडे. बाटली हळूहळू दाबा, घाई केली तर लगेच जायची भावना होते. दाबलेली बाटली तशीच दाबून ठेवून बाहेर काढा, सोडली तर औषध परत बाटलीत ओढलं जातं. मग अर्धा तास तसंच पडून राहा. शक्यतो रात्रभर आत राहिलं पाहिजे. पहिल्या दोनतीन रात्री नाही राहणार, दहा मिनिटांत जावं लागेल, त्याने निराश होऊ नका, सूज उतरली की आतडं धरून ठेवायला शिकतं. मला पाचव्या रात्री जमलं.

सपोझिटरी, म्हणजे खालून आत सरकवायची गोळी, सोपी आहे, पण आपल्या मे महिन्यात कपाटात ठेवली तर मऊ पडते. फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, वापरताना टोक पाण्याने ओलं करून घाला.

अझाथायोप्रिन आणि त्याच्या वरची औषधं

अझोरान वगैरे नावाने अझाथायोप्रिन मिळतं. हेही राखणीचं, आणि सावकाश चढणारं, गुण यायला दोनतीन महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. पण ह्याला रक्ततपासणीशिवाय हात लावायचा नाही. हे पांढऱ्या पेशी कमी करू शकतं. सुरुवातीला दर आठवडा-पंधरवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लिव्हरची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी, जोपर्यंत गोळी चालू तोपर्यंत. सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ह्या जीन टेस्टबद्दल विचारा, आपल्या भारतीय लोकांत ह्यातला दुसरा दोष जास्त सापडतो, आणि तो असेल तर साध्या डोसनेही पेशी धडाधड खाली येतात. सुरू केल्यावर थोड्या आठवड्यांत केस मुठीने गळायला लागले, घसा दुखून ताप आला, अंगावर निळे डाग आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येऊन पाठीत गेली तर तेही, स्वादुपिंड सुजू शकतं.

घरात कोणाला युरिक अॅसिड असेल तर कान इकडे द्या. अॅलोप्युरिनॉल, म्हणजे झायलोरिक, आणि फेबुक्सोस्टॅट, ही अझाथायोप्रिनबरोबर घेतली तर अझाथायोप्रिन रक्तात साठत जातं आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, बंद पडू शकते. पाय सुजला म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात आणि यूसीचं सांगितलं नाही, इतकं साधं निमित्त पुरतं. उन्हाचंही बघा, ह्या औषधाने त्वचेच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तर शेतात, किनाऱ्यावर टोपी आणि लांब बाह्या.

त्याच्या वर बायोलॉजिक्स, म्हणजे जिवंत पेशींतून बनवलेली औषधं, येतात, इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून, अडालिमुमॅब पोटावर टोचायचं, आणि बायोलॉजिक नसलं तरी त्याच पायरीवरचं, गोळीत येणारं टोफासिटिनिब. ही सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (हातावर टोचून बघतात ती) किंवा रक्ताची टेस्ट, आपल्या देशात लपलेला टीबी किती जणांच्या अंगात असतो माहीत आहे, ही औषधं त्याला जागं करतात. हिपॅटायटिस बी सुद्धा. औषध चालू असताना संध्याकाळचा ताप, खोकला, वजन उतरणं असं काही दिसलं तर टीबी डोक्यात ठेवा. टोफासिटिनिबने नागीण उठू शकते आणि रक्ताच्या गाठी होऊ शकतात, पायाची एकच पोटरी सुजली किंवा दम लागला तर थांबू नका.

अडालिमुमॅबचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं. पावसाळ्यात आमच्याकडे सत्तरी तालुक्यात लाइट गेली की कधीकधी रात्रभर येत नाही, मी ओळखीच्या एकाला थर्मासचा डबा आणि आइस पॅक कायम तयार ठेवायला सांगितलंय. इंजेक्शन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, गोठलं की फेकायचंच. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटंही ठेवू नका.

दुसरी औषधं घेताना

डोकं दुखलं, दाढ दुखली की आपण काय घेतो, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, वोव्हेरान. ही आता नाहीत. ह्या जातीच्या पेनकिलरनी यूसी उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं. दातांच्या डॉक्टरला खुर्चीत बसायच्या आधीच सांगा.

शौचाला लागतंय म्हणून लोपेरामाइड घेऊन पोट बांधायचं, हे जोरात फ्लेअर असताना धोक्याचं आहे, आतडं फुगून बसतं आणि मग सरळ ऑपरेशन. लग्न आहे, जत्रा आहे, कदंबाच्या बसने पणजीला जायचंय, मला समजतं हो, मी पण बसस्टॉपवर रडलेय. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अँटिबायोटिक पण उगाच नको, त्यानेही जुलाब सुरू होऊ शकतात.

गावठी औषधाबद्दल मला कोणाच्या श्रद्धेला दुखवायचं नाही. पण पुडीवर नाव नाही, आत काय ते कोणी सांगत नाही, आणि दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका, आणि ती घेताना राखणीची गोळी बंद करू नका.

लसींचं थोडक्यात: फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी ह्या घ्याव्यात, जमल्यास अझाथायोप्रिन वगैरे सुरू व्हायच्या आधी. जिवंत विषाणूच्या लसी, म्हणजे कांजिण्या, गोवर, पिवळा ताप, ह्या प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना घ्यायच्या नाहीत. आपल्या गोव्यातल्या तारवटी मुलांनी हे खास वाचा, जहाजावर जाताना काही मार्गांसाठी पिवळ्या तापाची लस मागतात, तिथे गप्प राहून टोचून घेऊ नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

दिवस गेले की घरचे पहिलं काय सांगतात, सगळ्या गोळ्या बंद कर. असं करू नका. मेसालामाइन, अझाथायोप्रिन साधारणपणे चालू ठेवतात, बाळाला जास्त धोका फ्लेअरचा असतो. टोफासिटिनिब मात्र गरोदरपणात नको. मूल हवं असं ठरवलं की दिवस जायच्या आधीच डॉक्टरांकडे जा.

गोळ्या ठेवायच्या कशा

पावसात आपल्याकडे मीठसुद्धा ओलं होतं. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका, स्ट्रिपसकट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि न्हाणीपासून लांब. आणि किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या कायम शिल्लक असू द्या. दुपारी फार्मसी बंद, रविवारी बंद, चवथीत तर विचारूच नका. गावातल्या दुकानात मेसालामाइन ठेवलेलं असेलच असं नाही, चार दिवस आधी सांगून मागवायला लागतं.

कधी घरी थांबायचं नाही

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि त्याबरोबर ताप किंवा बसल्या जागी नाडी ९० च्या वर, हा गंभीर फ्लेअर आहे. पोट फुगून दगडासारखं झालं, शौच एकदम थांबलं आणि दुखणं वाढलं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, हे पण. १०८ ला फोन करा, म्हापसा, मडगाव, बांबोळी जे जवळ तिथे पोचा, सकाळची वाट बघू नका.

प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी असेल तर कुठलाही ताप हा साधा ताप धरायचा नाही. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो, आमच्या सत्तरीत काजूच्या दिवसांत माकडताप. ताप आला की त्याच दिवशी सीबीसी, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला औषधाचं नाव.

त्यासाठी एक कागद करून पाकिटात ठेवा. आजाराचं नाव, कुठपर्यंत आहे, कधीपासून. चालू औषधं मिलिग्रॅमसकट. स्टेरॉइड शेवटचं कधी घेतलं. सोसत नसलेली औषधं. डॉक्टरांचा नंबर. मोबाइलमध्ये फोटो असू दे, पण कागद पण ठेवा, फोनची बॅटरी गेलेली असते तेव्हाच गरज पडते.

त्या मुलाच्या आईबरोबर तोच कागद आम्ही त्याच संध्याकाळी केला, डिस्चार्ज कार्डावरून बघून बघून. तिला लिहायला वेळ लागतो, पण मी म्हटलं तुम्हीच लिहा मावशी, तुमच्या अक्षरात असलं की तुम्हाला अंधारातही वाचता येईल. खाली शेवटी तिने एक ओळ माझ्याकडून विचारून घेतली, की आठ वर्षांनी, काही त्रास नसला तरी, कॅन्सरची सुरुवात नाही ना हे बघायला परत कोलोनोस्कोपी. तिने बोटांवर मोजून साल काढलं आणि ते साल लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.